डागाच्या शेजारचा थेंब

१२ ऑगस्ट
(हे पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, पण टाकलं नाही.)

प्रिय मावशी,

मला ऑनर्समध्ये घेतलं. अख्ख्या वर्षातून वीस जणांना घेतात, त्यात मी आहे. आणि एवढी आनंदाची बातमी सांगायला बसले तर दोनदा कागद फाडला, कारण ही जागा मी तुझ्या जिवावर मिळवली आणि तिथे तुझं नावसुद्धा घेतलं नाही.

मुलाखतीला तीन प्राध्यापक होते. मधल्या बाईंनी विचारलं, "पुस्तकात नाही अशी एखादी गोष्ट तुला माहीत आहे का?" मला तुझी लॉन्ड्री आठवली. शाळा सुटल्यावर आई कामावरून येईपर्यंत मी तुझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली बसायचे, त्या सगळ्या दुपारी आठवल्या. मी सांगितलं की जुना डाग कशाचा आहे ते कळत नसेल तर डागावर काहीच टाकायचं नाही. त्याच्या शेजारी, स्वच्छ कापडावर, साध्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि तो पसरत डागापर्यंत पोचला की काय करतो ते बघायचं. तेलाचा डाग असला तर थेंब वळसा घालून जातो. साखरेचा असला तर चटकन आत ओढला जातो. रक्ताचा नाहीतर अंड्याचा असला तर कडेला ताटकळत उभा राहतो.

तिघंही पुढे सरकून बसले. बाईंनी विचारलं, "हे कुणी शोधून काढलं?"

मावशी, तुझं नाव ओठांवर आलं होतं, शप्पथ. पण त्या माझ्याकडे अशा कौतुकाने बघत होत्या की मी म्हणाले, "मीच. लहानपणी, खेळता खेळता." खेळता खेळता म्हणे! तू तीस वर्षं सोड्यात हात बुडवून शिकलीस ते.

आता काय करू?

तुझी,
खारूताई


१३ ऑगस्ट

प्रिय मावशी,

नमस्कार. बातमी अशी, की तुझी खारूताई ऑनर्समध्ये! आईला फोन केला तर ती रडलीच. तुला फोन लावला होता, पण तुझ्या यंत्रांच्या घरघरीत तुला वाजलेलं कळलं नसणार, म्हणून आपलं नेहमीसारखं पत्र.

इथे किती काय काय मिळतं सांगू? आमच्या वर्गात शंभर-दीडशे मुलं नसतात. आम्ही वीस जण एका मोठ्या टेबलाभोवती बसतो आणि प्राध्यापक आमच्यातच खुर्ची ओढून बसतात. फी माफ. वसतिगृहात वेगळी, एकटीची खोली. ग्रंथालयाची किल्ली. प्रयोगशाळेत एक ओटा, त्यावर माझ्या नावाची पाटी. आणि प्रत्येकाला एक मार्गदर्शक. मला मुलाखतीतल्या मधल्या बाईच मिळाल्यात. दोन वर्षं एका विषयावर काम करून शेवटी सगळ्यांसमोर मांडायचं. माझा विषय कापड आणि पाणी असा काहीतरी आहे. पक्कं व्हायचंय.

असंच कुतूहल म्हणून विचारते, तो डागाशेजारचा थेंब ठेवतेस ना, त्याला पाणी गार घेतेस की कोमट? आणि गंजाच्या डागापाशी थेंब काय करतो?

तुझी,
खारूताई


२२ ऑगस्ट

खारूताई,

आशीर्वाद. अगं, तुझं पत्र मी आल्या-गेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. शेजारच्या चष्मेवाल्याला दोनदा, कारण पहिल्यांदा त्याचं लक्ष नव्हतं. बेकरीवालीने विचारलं, ऑनर्स म्हणजे काय हो? मी म्हटलं, म्हणजे दुधावरची साय. मला तरी कुठे माहीत!

आता तुझं कुतूहल. पाणी नळाचं, जसं येईल तसं. गंजाचा डाग थेंबाला काही करत नाही, थेंब सरळ त्याच्यातून निघून जातो. पण लाज सोडून विचारते, तुला कधीपासून गं ही आवड? टेबलाखाली बसून माझी बटणं पळवायचीस, म्हणून तर खारूताई नाव पडलं. एकदा कुणाच्या तरी शर्टाची नंबराची पट्टी काढून बाहुलीला बांधलीस आणि मी दिवसभर त्या शर्टाचा मालक शोधत बसले. आठवतं? तेव्हा तुला धपाटा घालून सांगितलं होतं, काही झालं तरी कापडाची पट्टी काढायची नाही. डाग राहिला तर गिऱ्हाईक ओरडेल आणि विसरेल. एकाचा कपडा दुसऱ्याच्या घरी गेला तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

खात जा नीट. आणि विचार काय विचारायचं ते, मला बरं वाटतं.

तुझी मावशी


४ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

नमस्कार. उशीर झाला, राग मानू नकोस. इथे श्वास घ्यायला फुरसत नाही, पण किती शिकायला मिळतंय म्हणून सांगू. काल एका मुलाने एक विधान केलं तर बाई त्याला म्हणाल्या, "हे तुला कसं कळलं?" बस, एवढंच. तास संपेपर्यंत तो घामाघूम. आता मी पेपर वाचतानासुद्धा तेच विचारते. बाईंनी मला तो प्रश्न अजून विचारलेला नाही.

मावशी, तुझा थेंब मी इथे करून बघितला. सुती कापडाचे ऐंशी तुकडे कापले, डाग पाडले, वाळवले, शेजारी थेंब ठेवला. थेंब काचेवर बसावा तसा ढिम्म बसून राहतो. पसरतच नाही! तू आणखी काही करतेस का? कापड ताणून धरतेस? आधी इस्त्री फिरवतेस? जरा आठवून सांगशील?

बाई म्हणतात, "तू तर लहानपणापासून करतेयस, मग इथेच का होत नाही?"

तुझी,
खारूताई


१२ ऑक्टोबर

खारूताई,

मी काहीसुद्धा करत नाही. कापड हातात घेते, थेंब ठेवते, बघते. तुझं पत्र वाचल्यावर मुद्दाम स्वतःवर पाळत ठेवली तर कधी नव्हे ते माझाही थेंब बसून राहिला! म्हटलं, गेलं, कारटीची दृष्ट लागली. मग बेकरीवालीशी गप्पा मारताना सहज केलं तर झालं. अशा गोष्टी पत्रातून नाही शिकवता येत. सुट्टीत ये, हात बघ.

एक सांगते, आईला सांगू नकोस. डॉक्टरीणबाईंनी माझे हात बघितले आणि म्हणाल्या, वर्षाच्या आत गरम पाणी आणि सोडा बंद. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्यात, त्या मिटतच नाहीत. तसा चष्मेवाला गाळा मागतोच आहे, भिंत पाडून दुकान मोठं करायचंय त्याला. यंत्रांनाही तोच गिऱ्हाईक आणणार आहे. देऊन टाकावं म्हणते. जानेवारीत करार संपतोय.

पण तू विचारायला लागल्यापासून जरा जीव अडकलाय. ये मग बोलू.

तुझी मावशी


५ जानेवारी
(हेही टाकलं नाही.)

मावशी,

तुझ्या दुकानात सहा दिवस काढले आणि सहाही दिवस घड्याळ लावून तुझे हात बघत बसले. तू लाडाने खाऊ घालत होतीस आणि मी मनात सेकंद मोजत होते.

मला सापडलं. तू कापड हातात घेतलंस की आधी नाकाशी नेतेस, डागाचा वास घ्यायला. आणि वास घेऊन झाला की त्यावर एक श्वास सोडतेस, तोंडाने, हलकेच. कापड ओलसर होतं आणि मग थेंब चालायला लागतो. स्वतःवर पाळत ठेवलीस त्या दिवशी तू श्वास रोखून धरला असणार. तू तीस वर्षं हे करतेयस आणि तुला माहीतच नाही.

इथे आल्याबरोबर करून बघितलं. ऐंशीतले त्र्याहत्तर बरोबर आले. बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "हा अस्सल शोध आहे." टाळ्या वाजल्या. मी ओट्यावरचे तुकडे गोळा करत राहिले.

एवढं बघून आले आणि तुला एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर 'तुला कशाला हवंय?' हे तू विचारलं असतंस ना.


१८ जानेवारी

खारूताई,

आधी बस. बसलीस? मग वाच.

काल मालकाशी करार केला. तीन वर्षांचा. मध्ये सोडता येत नाही, पण आता सोडायचंय कुणाला! चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगितलं. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. त्याने लगेच समोरच्या रांगेत दुसरा गाळा घेतला. जाताना म्हणाला, "मावशी, हातांकडे बघा जरा." म्हटलं, आणखी दोन हात येतायत, त्यांच्याकडे बघा.

तू तोंडाने बोलली नाहीस, पण मला काय कळत नाही होय? ऑगस्टपासून पत्रात दुसरा विषय नाही. डिसेंबरात आलीस तर दुकानातून हलली नाहीस, माझ्या हातावरून नजर काढली नाहीस. आईकडे नुसती झोपायला. एवढं शिकून तुला धुलाई करावीशी वाटली, याचं मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. लोक म्हणायचे, तुझ्यामागे हे सगळं बंदच पडणार. मीही म्हणायचे, पडू दे. खोटंच म्हणायचे.

तुझी आई म्हणाली, आधी पोरीला विचार तरी. मी म्हटलं, लाजते ती, विचारायचं काय त्यात?

तुझं शिक्षण होईपर्यंत मी रेटते कसंबसं. तुझा एक हातमोजा इथे राहिला होता ना, त्यावरून माप घेऊन सुताराकडून इस्त्रीची मूठ करून घेतली. माझी मूठ तुला मोठी होते. टेबलाखालची तुझी जागा झाडून घेतली, तर चार बटणं सापडली.

तुझी मावशी


२१ जानेवारी

मावशी,

सोबत दोन जुनी पत्रं आहेत. लिहिली होती, टाकली नव्हती. ती आधी वाच. मला पुन्हा लिहायचं धैर्य नाही.

वाचलीस? मी दुकानासाठी विचारत नव्हते. मी माझ्यासाठी विचारत होते. ऑनर्समधली खोली, फी, किल्ली, पाटी, टाळ्या, सगळं तुझ्या थेंबावर उभं आहे आणि तू आहेस हे इथे कुणालाच माहीत नाही. मी तुला फसवलं. तुला 'कुतूहल' म्हणून लिहिलं आणि तू त्यावर विश्वास ठेवून आणखी तीन वर्षं त्या हातांनी काम करायचं पत्करलंस.

चष्मेवाल्याला परत विचारता येईल का? मालकाला? मी येऊन त्यांचे पाय धरते.

नाहीतर मी ऑनर्स सोडते. कॉलेजच सोडते. पुढच्या आठवड्यात सामान बांधून येते आणि तीन वर्षं दुकान मी चालवते. तू फक्त खुर्चीत बस. खरंच सांगते, मला चालेल.

खारूताई


२० फेब्रुवारी

महिना लागला लिहायला. हात कामात होते हे अर्धं कारण. अर्धं म्हणजे, पाकिटावर तुझं नाव लिहावंसं वाटत नव्हतं.

मालक ऐकत नाही. चष्मेवाल्याने समोर पाटी लावलीसुद्धा. तेव्हा ते झालं. त्यावर बोलू नकोस.

थेंब घेतलास त्याचं मला काही नाही. मागितला असतास तर बादलीभर दिला असता. पण तू माझी पट्टी काढून तुझी टाचलीस. बाहुलीला बांधलीस तेव्हा सहा वर्षांची होतीस, धपाट्यावर भागलं. आता काय करू तुझं? मी बेकरीवालीला, चष्मेवाल्याला, पोस्टमनला सांगत सुटले होते, आमची भाची बघा, एवढी शिकते तरी धंदा शिकायला येते. आता ते विचारतात, कधी येणार? मी म्हणते, येईल.

आणि तू सोडून येणार? म्हणजे चोरी पचली नाही म्हणून तिथून पळ काढायचा, आणि मी वर त्याचं कौतुक करायचं! तुझा अपराध माझ्या काउंटरवर आणून टाकू नकोस. इथे फक्त कपडे घेतले जातात. ज्यांच्याशी खोटं बोललीस त्यांच्याकडे जा, त्यांच्या तोंडावर सांग, आणि ते काढतील तेव्हा नीघ. त्याआधी नाही.

श्वासाचं वाचल्यापासून माझी पंचाईत झालीय. कापड नाकाशी नेलं की आठवतं, आणि मग श्वासच नीट सुटत नाही. तीस वर्षं न कळता करत होते ते चांगलं होतं गं. एकदा हसूही आलं. मग राग आला.

मावशी


६ मार्च

प्रिय मावशी,

सांगितलं.

बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सगळं बोलले. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मला कधी विचारला नव्हता: "हे त्यांना कसं कळलं?" त्यांना म्हणजे तुला. मी तुझ्याबद्दल बोलायला लागले ती तासभर थांबलेच नाही. सोड्याबद्दल, पट्टीबद्दल, बेकरीवालीशी गप्पा मारता मारता डाग ओळखतेस त्याबद्दल. शेवटी म्हणाल्या, "एवढं सगळं होतं तुझ्याकडे आणि तू 'खेळता खेळता' म्हणालीस?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिघांपुढे बोलावलं. काढलं नाही. पण हे वर्ष बाद. ऑगस्टपासून नव्या वीस जणांबरोबर पहिल्यापासून सुरुवात, फीमाफी नाही, वेगळी खोली नाही. ओट्यावरची पाटी मी स्वतःच काढून दिली. टेबलाभोवतीच्या मुलांना मीच सांगायचं होतं, तेही सांगितलं. दोघं अजून बोलत नाहीत.

काम पुढे न्यायचं तर त्यावर तुझं नाव पहिलं, आणि तुझी लेखी परवानगी हवी. दे किंवा नको देऊस. नाही म्हणालीस तर मी दुसरा विषय घेईन. अर्जात तुझा हुद्दा लिहायचाय, काय लिहू?

तुझ्या हातांचं मात्र कुणीच काही करू शकत नाही. रोज सकाळी नळ उघडला की तुझी बोटं आठवतात.

तुझी,
खारूताई


१५ मार्च

खारूताई,

परवानगीचा कागद सोबत आहे. हुद्दा काय विचारतेस? धुलाईवाली लिही. आणि माझं नाव लिहिताना चुकलीस तर बघ.

आता रडणं बंद. तुला एक सांगायचं राहिलं होतं. तू दुकानात यायची नाहीस हे मला डिसेंबरातच कळलं होतं. धंदा शिकायला आलेला माणूस आधी इस्त्रीला हात घालतो. तू सहा दिवसांत तिला शिवलीसुद्धा नाहीस, नुसती घड्याळात बघत होतीस. मला कळून चुकलं होतं, पोरगी कसलातरी अभ्यास करतेय. तरी मी सही केली. माझी हौस म्हणून. दुकान सोडवत नव्हतं आणि निमित्त हवं होतं, तुझं घेतलं. तेव्हा तीन वर्षांचं मी माझं बघते, तो माझा निर्णय. तुझ्या डोक्यावर ते ओझं नको. नीट अभ्यास कर.

हात बरे आहेत. बेकरीवालीने कसलंसं मलम दिलंय.

तुझी मावशी


१९ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचलं आणि क्षणभर इतकं हलकं वाटलं की मी खोलीभर चालत सुटले. मग मला बाईंचा प्रश्न आठवला: हे तुला कसं कळलं? म्हणून तुझं अठरा जानेवारीचं पत्र काढून पुन्हा वाचलं.

तू हातमोज्यावरून माप घेऊन माझ्यासाठी मूठ करून घेतली होतीस. जी येणारच नाही हे ठाऊक आहे तिच्यासाठी कुणी मूठ करून घेतं का गं? टेबलाखालची जागा झाडून घेतं? तुला डिसेंबरात काहीच कळलं नव्हतं. तू माझी वाट बघत होतीस.

मावशी, मुलाखतीत मी तुझं काम माझ्या नावावर घेतलं. आता तू माझी चूक तुझ्या नावावर घेतेयस. घेऊ नकोस. हलकं वाटलं तेवढ्या वेळात मला कळलं की ते मला नकोय. त्या तीन वर्षांतला प्रत्येक दिवस माझ्यामुळे आहे आणि तो मला माहीत असायला हवा.

ऑनर्स सोडत नाही, घाबरू नकोस. पण आता एकटीची खोली नाही, सुट्टीत इथे काही अडून राहणार नाही. मेपासून प्रत्येक सुट्टी तुझ्याकडे. घड्याळ इथेच ठेवून येईन. गरम पाण्यात हात मी घालणार, तू काउंटरवर बसून बेकरीवालीशी गप्पा मार आणि डाग ओळख. ती मूठ फेकली नसलीस तर बसवून ठेव.

आणि जानेवारीत तुझ्याकडून सही करवून घेणारी ती चूक, ती माझी आहे. तिची पट्टी काढू नकोस.

तुझी,
खारूताई